अक्षरांचं बिऱ्हाड

नवीन लॅपटॉप घेतला असं सांगितलं की लोक आधी किंमत विचारतात. त्यावर विंडोज नाही, लिनक्स टाकलंय असं सांगितलं की दोन क्षण शांतता, आणि मग ठरलेला प्रश्न: "म्हणजे जुनं सगळं चालतं का त्यावर?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न इतक्या काका-मावश्यांनी विचारलाय की म्हटलं, एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकावं. तसंही आपल्यापैकी बऱ्याच जणांवर ही वेळ येणार आहे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते. ती नसलेले धडधाकट संगणक कितीतरी घरांत आहेत.

तर थोडक्यात उत्तर असं: फोटो चालतात, गाणी चालतात, पीडीएफ चालतात, हिशेबाच्या वह्या (एक्सेलच्या हो!) उघडतात. पण मला स्वतःला धास्ती होती ती मराठीची. आणि गंमत म्हणजे मराठीचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. गेल्या वीस वर्षांत लिहिलेलं सगळं मराठी नव्या यंत्रावर असं आलं, जणू कधी हललंच नव्हतं. त्याआधीचं जे होतं ते आलं खरं, पण मराठी म्हणून आलं नाही. हे असं का झालं, त्यामागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराचसा आपल्या पुण्या-मुंबईत घडलेला आहे, आणि तरी आपल्याला तो फारसा ठाऊक नसतो. म्हणून हा प्रपंच.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. १९६३ साली अमेरिकेत आस्की नावाचं एक कोष्टक ठरलं. त्यात १२८ जागा होत्या. इंग्रजी कॅपिटल ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६, असं. पुढे आठ बिटांची सोय झाली आणि जागा २५६ झाल्या. म्हणजे इंग्रजीचं भागून वर १२८ जागा मोकळ्या. तेवढ्यात मराठी बसवायची कशी, हा प्रश्न होता.

वरवर पाहता सोपं आहे. आपली मूळ अक्षरं आणि काना-मात्रा-वेलांट्या धरल्या तर साठ-सत्तरच्या आसपास हिशेब संपतो. पण कागदावर उमटणारे आकार मोजायला गेलात तर ते शेकड्यांनी निघतात. क्ष, ज्ञ, द्ध, ष्ट्र, रफार, खालचा र, अर्धी अक्षरं... अक्षरं थोडी आणि आकार अनेक, हीच देवनागरीची खरी अडचण. त्यामुळे रस्ते दोनच उरतात. एक तर आकारांना आकडे द्या, नाहीतर अक्षरांना. पुढचा सगळा इतिहास या दोन रस्त्यांचा आहे.

पहिला रस्ता टाइपरायटरकडून आला. गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. शिरवळच्या कारखान्यातलं त्यांचं उत्पादन २००९ साली थांबलं. मधल्या पन्नास वर्षांत गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून हजारो मुलामुलींनी मराठीच्या परीक्षा दिल्या. मराठी टाइपरायटरवर जागा कमी, म्हणून बऱ्याच कळांवर अर्धी अक्षरं असायची. पूर्ण अक्षर हवं असेल तर पुढे काना ठोकायचा. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी मारायची आणि मग अक्षर. रफार वर डोक्यावर येतो, म्हणून तो अक्षरानंतर. म्हणजे आपण बोलतो त्या क्रमाने नव्हे, तर कागदावर दिसतं त्या क्रमाने लिहायचं. टायपिस्टच्या बोटांत हे इतकं भिनलं होतं की त्यात काही चमत्कारिक आहे असं कोणाला वाटायचंच नाही.

दुसऱ्या रस्त्याची सुरुवात झाली कानपूरच्या आयआयटीत, १९८०च्या दशकात. तिथे मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे तंत्र उभं केलं त्याचं नाव जिस्ट. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाली. सी-डॅक म्हटलं की आपल्याला १९९१ चा परम महासंगणक आठवतो, पण त्याच संस्थेत हे अक्षरांचं कामही चालू होतं. जिस्ट कार्ड नावाचं एक कार्ड संगणकाच्या पोटात बसवलं की डॉसवर चालणारे साधे इंग्रजी प्रोग्रॅमही देवनागरी दाखवू लागत. आणि या सगळ्याच्या मुळाशी जे कोष्टक होतं ते म्हणजे इस्की. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली ते आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण म्हणून स्वीकारलं.

इस्कीमागचा विचार मला अजूनही फार आवडतो. त्यांनी म्हटलं, आकार मोजूच नका. माणूस काय उच्चारतो ते नोंदवा. "किती" लिहायचं तर आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी, मग त, मग दीर्घ वेलांटी. वेलांटी डावीकडे काढायची की उजवीकडे, ही चित्र काढणाऱ्याची डोकेदुखी. साठवताना तिचा काही संबंध नाही. आणि एकदा उच्चार धरला की मराठी, बंगाली, गुजराती, तमिळ, कन्नड सगळ्यांचा क एकाच खणात बसतो. लिपी तेवढी वेगळी सांगायची. परंपरेने चालत आलेली आपली वर्णमाला कोणत्या क्रमाने लावली आहे ते ज्याला माहीत आहे, त्याला हे घरचंच वाटेल.

याच विचारातून १९८६ साली इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड ठरला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

इतकं शहाणपणाचं काम वेळेवर झालेलं असताना मग घोडं कुठे अडलं? तर ते अडलं लग्नपत्रिकांपाशी. म्हणजे अगदी फक्त लग्नपत्रिका नव्हेत, पण १९९० नंतर गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं निघाली. डॉस मागे पडून विंडोज आलं. विंडोज अक्षरं स्वतःच फॉन्टमधून चितारतं, त्यामुळे पोटातल्या त्या कार्डाचं काम संपलं. विंडोजला देवनागरी येत नव्हती, पण गिऱ्हाइकाला सुबक मराठी पत्रिका आजच संध्याकाळी हवी होती. मग सोपी युक्ती: फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार काढून ठेवायचे. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी छापतोय, कागदावर उमटतं मराठी. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, शुषा, किरण... अशी कितीतरी नावं जुन्या मंडळींना आठवतील. सी-डॅकनेसुद्धा विंडोजच्या फॉन्टांसाठी इस्फॉक नावाची वेगळी संकेतावली केली. तीही अक्षरांची नव्हे, आकारांची.

या फॉन्टांना नावं ठेवायचा माझा मुळीच हेतू नाही. दहा-पंधरा वर्षं मराठीतली बहुतेक पुस्तकं, दिवाळी अंक, वर्तमानपत्रं त्यांच्या जिवावर निघाली. अडचण एवढीच की प्रत्येकाची बैठकव्यवस्था वेगळी. एकाने डी च्या जागी जे बसवलं ते दुसऱ्याने के च्या जागी. फॉन्ट बदलला की मजकूर गेला. इंटरनेट आलं तेव्हा ही गंमत आणखी वाढली. मराठी वर्तमानपत्र वाचायचं तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यायचा, दुसरं वाचायचं तर दुसरा! परदेशातली मंडळी एकमेकांना मराठी लिहायची ती चक्क रोमन लिपीत. गाण्यांचे शब्द आयट्रान्सच्या पद्धतीने लिहून ठेवलेले ज्यांनी वाचलेत, त्यांना कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा तो खेळ आठवत असेल.

आता इथे आमच्या घरातली गोष्ट येते.

आमचे अण्णा, म्हणजे माझे आजोबा, एसटीत कंडक्टर होते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली आणि अण्णा १९५२ साली नोकरीला लागले, तेही बरीच वर्षं त्याच मार्गावर. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या. १९९७ साली त्या गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या आणि स्पायरल बाइंडिंग करून चार प्रती काढल्या. १३२ पानं. त्या चार प्रतींपैकी आज एकच शिल्लक आहे, आत्याकडे. ती कोणाकोणाच्या हातांतून फिरून आली तेव्हा त्यातली आठ पानं गायब होती. आणि ती नेमकी पानशेतची.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या दिवशी अण्णा ड्यूटीवर नगरला होते. बाबा आजोळी, साताऱ्याला. नदीकाठच्या आमच्या भाड्याच्या खोलीत फक्त आजी आणि दोन वर्षांची आत्या. त्या दिवशी काय झालं ते आजीने पुढे कधीही कोणाला सांगितलं नाही. विषय निघाला की ती उठून आत जायची. तिने सांगितलं ते फक्त अण्णांना, आणि अण्णांनी ते त्या आठ पानांत लिहिलं. आजी गेली, २००३ मध्ये अण्णा गेले. म्हणजे आत्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस तिला आठवत नाही, आणि तो जिथे लिहिला होता ती पानं नाहीत.

फाइल मात्र होती. तीन फ्लॉप्यांवरून सीडीवर, सीडीवरून माझ्या जुन्या संगणकावर, असा तिचा प्रवास झाला होता. नव्या लॅपटॉपवर ती उघडली तर पडद्यावर इंग्रजी कॅपिटल-स्मॉल अक्षरं, मध्येच कंस, मध्येच डॉलरचं चिन्ह, डोक्यावर टिंबं असलेली युरोपीय अक्षरं. जुन्या संगणकावरून त्या फॉन्टची फाइल शोधून आणली, नव्या यंत्रात टाकली, आणि मजकूर दिसू लागला! पण शोधायच्या खिडकीत "पानशेत" असं टाकलं तर उत्तर शून्य. समोर ४३व्या पानावर मोठ्या अक्षरात पानशेत लिहिलेलं दिसतंय आणि लॅपटॉप म्हणतोय, असा शब्द या फाइलीत नाही.

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. तिने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "मामा, ही फाइल मराठीत नाहीच आहे."

मला वाटतं या सगळ्या इतिहासाचं सार या वाक्यात आहे. अण्णांनी मराठीत लिहिलं, डीटीपीवाल्याने मराठी म्हणून टाइप केलं, कागदावर मराठी उमटलं. पण संगणकाच्या लेखी त्या १३२ पानांत एकही मराठी अक्षर नव्हतं. मराठी होतं ते फक्त आपल्या डोळ्यांत, आणि तेही तो एक फॉन्ट हाताशी आहे तोवर. फॉन्ट हरवला असता तर अण्णांची फाइल शाबूत असूनही अण्णा गेले असते.

आता दुसऱ्या रस्त्याचं पुढे काय झालं ते पाहू, कारण फाइल वाचली ती त्याच्यामुळे.

१९९१ साली जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच कोष्टक करायचं म्हणून युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा वाडा मिळाला आणि आतली मांडणी घेतली ती १९८८ च्या इस्कीवरून. म्हणजे कानपूर-पुण्याचं काम वाया गेलं नाही, ते नाव बदलून जगभर गेलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये, केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ची कल्पना मांडली. युनिकोडचे हे मोठे आकडे जुन्या आस्कीला धक्का न लावता साठवायची ती पद्धत. देवनागरीचं एक अक्षर त्यात तीन बाइट खातं. पण ते कोणत्याही यंत्रावर तेच अक्षर असतं.

पण नुसता आकडा ठरून भागत नाही. क, हलन्त, ष असे तीन आकडे आले की क्ष काढायचा, ऱ्हस्व वेलांटी उचलून डावीकडे नेऊन ठेवायची, हे यंत्राला शिकवावं लागतं. आणि हे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमने वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या तऱ्हेने शिकलं. विंडोजला ते २००० साली, विंडोज २००० मध्ये आलं. त्याच्यासोबतचा मंगल हा फॉन्ट केला होता मुंबईच्या आयआयटीत अनेक वर्षं शिकवणाऱ्या सुलेखनकार र. कृ. जोशींनी. २००८ साली ते गेले. पुढची कित्येक वर्षं आपण पडद्यावर वाचलेली मराठी बहुतांशी त्यांच्या हातची होती, हे किती जणांना ठाऊक असेल? २००१ च्या एक्सपीमध्ये देवनागरीची सोय होती पण झोपलेली. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची आणि मग ते मूळ सीडी मागायचं. ती सीडी कधी कोणाला वेळेवर सापडली आहे का! विंडोज ९८ वाल्यांना तर नुसते चौकोनी डबेच दिसायचे.

लिनक्सकडे हे काम बरंचसं हौसेने झालं. २००० च्या सुमारास आपल्याकडे इंडलिनक्सची मंडळी कामाला लागली. २००२ साली ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर पॅन्गो आलं, ज्याच्या नावात ग्रीक "सर्व" आणि जपानी "भाषा" असे दोन शब्द जोडलेले आहेत. २००४ साली रेड हॅटने लोहित हे मुक्त फॉन्ट दिले (लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावावरून). मॅकची तऱ्हा तिसरीच. विंडोजसाठी केलेले देवनागरी फॉन्ट मॅकवर कित्येक वर्षं नीट जुळायचे नाहीत. त्यामुळे त्या दशकात ऑपरेटिंग सिस्टिम बदलणं म्हणजे आकडे तेच, पण चित्र मोडलेलं: वेलांटी चुकीच्या बाजूला, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. तरीही मजकूर मराठीच होता, हा फरक महत्त्वाचा. आज ना उद्या यंत्र सुधारेल आणि नीट दिसेल, असं म्हणता येत होतं. आणि तसंच झालं. आज लिनक्सवर, अँड्रॉइडवर, फायरफॉक्स आणि क्रोमवर हार्फबझ नावाचं एकच मुक्त इंजिन ही जोडाजोड करतं.

मराठीची म्हणून खास दुखणी होतीच. आपल्याकडे "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला या फरकाची गरज नाही, त्यामुळे हा फरक नीट दिसायला आपल्याला वाट पाहावी लागली. "ॲ" या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. आणि ॲ, ऑ यांना महाराष्ट्र शासनाने वर्णमालेत घेतलं ते नोव्हेंबर २००९ मध्ये. म्हणजे ॲपल, ॲसिड, ॲडमिशन आपण कितीतरी आधीपासून लिहीत होतो, पण त्या ॲ चा पत्ता सरकारदरबारी पोचायच्या एक वर्ष आधी युनिकोडमध्ये पोचला होता!

या सगळ्यामुळे २००३-०४ नंतर एकदम वारं बदललं. १ मे २००३ ला, बरोबर महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. लोक युनिकोडमध्ये लिहू लागले, आणि ते लिहिलेलं शोधता येऊ लागलं. माझं तेव्हापासूनचं लेखन नव्या लॅपटॉपवर सुखरूप आलं ते यामुळे. त्यात माझं कौतुक काही नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तशी ती अक्षरं आपली ओळख स्वतःच्या पाठीवर घेऊन फिरतात. घरमालक कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. बोटांचंही तसंच. इन्स्क्रिप्ट प्रमाण ठरलेला असल्याने तो इथेही आयता मिळाला, आणि बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही. १९८६ चा एक निर्णय आज माझ्या उपयोगी पडला.

मराठीने याआधीही एकदा अशी मोठी ऑपरेटिंग सिस्टिम बदलली आहे. मोडीकडून बाळबोधकडे. छापखाना आला, शाळेची पुस्तकं बाळबोधमध्ये निघाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी रोजच्या व्यवहारातून गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तो त्या समुद्रातला एक तांब्या. पण मोडीची एक गोष्ट चांगली होती. ती साऱ्या मुलखाची होती. सातारचा कारकून आणि नागपूरचा कारकून एकच मोडी शिकलेले. त्यामुळे आजही कोणी सहा महिने मेहनत घेऊन मोडी शिकला तर तीनशे वर्षांपूर्वीचा कागद वाचू शकतो. २०१४ साली तर मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. १९९७ च्या फॉन्टाची गोष्ट उलटी. तो शिकवणारा वर्ग नाही, त्याचं व्याकरण कुठे छापलेलं नाही. तीनशे वर्षांपूर्वीचा कागद वाचता येतो आणि तीस वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही, हे कसं होतं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. लिपी जुनी झाली म्हणून मजकूर मरत नाही. ती सर्वांची नसेल तर मरतो.

अण्णांच्या फाइलीचं काय झालं? भाचीने फॉन्ट उघडून कोणत्या इंग्रजी खुणेच्या जागी कोणता मराठी आकार आहे त्याचं कोष्टक केलं. पावणेदोनशे ओळींचं झालं ते. पण नुसती अदलाबदल करून भागेना, कारण मजकूर टाइपरायटरच्या क्रमात, म्हणजे दिसतं तसा साठवलेला. "स्थिती" मध्ये वेलांटी सगळ्यात आधी; ती उचलून स्थ च्या पलीकडे न्यायची. "वर्ष" मध्ये रफार सगळ्यात शेवटी. तो उचलून ष च्या अलीकडे आणायचा. "मार्मिक" सारख्या शब्दात दोन्ही एकदम. तिने तो प्रोग्रॅम चार रविवार खर्चून लिहिला. पाचव्या रविवारी शोधायच्या खिडकीत "पानशेत" टाकलं आणि एकवीस ठिकाणी सापडलं.

ती आठ पानं मोठ्या टायपात छापून आत्याला नेऊन दिली. तिने ती माझ्यासमोर वाचली नाहीत. दोन दिवसांनी फोन आला. "अरे, आईने मला शेजारच्यांच्या धुण्याच्या पाटीत घालून पर्वतीला नेलं होतं रे. पाटी डोक्यावर. मला वाटायचं ती मला पाण्याला घाबरते म्हणून रागवायची." एवढंच बोलली. पुढचं तिचं तिला.

असो. आता कामाचं. नातेवाईक मंडळींपैकी कोणाकडे २००५ च्या आधीचं मराठी काही संगणकावर असेल, कोणाच्या आठवणी, कविता, कुलवृत्तान्त, पाककृती, तर तीन गोष्टी करा. एक, मूळ फाइल शोधा. दोन, ती ज्या फॉन्टात आहे त्या फॉन्टची फाइल तिच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये ठेवा. ती नसेल तर जुना संगणक भंगारात द्यायच्या आधी त्यातून काढून घ्या. तीन, युनिकोडमध्ये रूपांतर करून साध्या मजकुराची फाइल करा. बऱ्याच प्रचलित फॉन्टांचे परिवर्तक तयार मिळतात, आणि नसेल तर भाची आहे. मग हवी ती ऑपरेटिंग सिस्टिम घ्या, हवी तेव्हा बदला.

आणि एक प्रत कागदावर काढून ठेवाच. त्याला फॉन्ट लागत नाही. फक्त ती कोणाला वाचायला दिलीत तर परत येताना पानं मोजून घ्या.